पंचवीस डॉलरच्या देणग्यांवर प्रतिनिधिगृहाची प्रायमरी: एका खजिनदाराचे उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची मैत्रीण सरकारी शाळेत शिक्षिका आहे आणि ती पुढच्या वर्षी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उभी राहणार आहे. कंपन्यांचा पैसा घेणार नाही, असे तिने जाहीर करून टाकले आहे. निधीची बाजू तिने तुमच्यावर सोपवली आहे आणि जाणकारांनी तुम्हाला प्रायमरीपुरता सात लाख डॉलरचा अंदाज दिला आहे. एवढी रक्कम पंचवीस-पंचवीस डॉलरच्या देणग्यांतून खरोखर उभी राहते का, की शेवटी कोणापुढे तरी हात पसरावेच लागतात, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

गेली चौदा वर्षे मी शहर परिषदेपासून प्रतिनिधिगृहापर्यंतच्या प्रचारसमित्यांचे हिशेब सांभाळते आहे आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक समित्या छोट्या देणग्यांवर चाललेल्या होत्या. अशी रक्कम उभी राहिलेली मी पाहिली आहे आणि न राहिलेलीही पाहिली आहे. दोन्हींत फरक कशाने पडला ते सांगते; मात्र त्याआधी प्रश्न थोडा वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागेल.

संघीय निवडणुकीत कंपनीने आपल्या तिजोरीतून थेट उमेदवाराला पैसे देणे १९०७ च्या टिलमन कायद्यापासूनच बेकायदा आहे. त्यामुळे तुमच्या मैत्रिणीने नाकारलेला ‘कंपन्यांचा पैसा’ म्हणजे व्यवहारात कंपन्यांच्या राजकीय कृती समित्यांचा, ज्यांना सगळे पॅक म्हणतात त्यांचा, पैसा होय. कंपनीचे अधिकारी आणि भागधारक या पॅकमध्ये स्वतःच्या खिशातून पैसे घालतात आणि पॅक एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ५,००० डॉलर देऊ शकते. आता खरी गोष्ट अशी की हे पॅक आपला बहुतेक पैसा आधीच निवडून आलेल्या सदस्यांना देतात. प्रथमच उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेच्या दारात ते मुळात येतच नाहीत, त्यामुळे या नकाराची किंमत तिला सुरुवातीला जवळजवळ काहीच मोजावी लागत नाही. तिच्यापुढचा मोह वेगळ्या ठिकाणी आहे. २०२५-२६ च्या दोन वर्षांच्या निवडणूकचक्रात एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर देता येतात, आणि प्रायमरी व मुख्य निवडणूक या दोन निवडणुका धरल्या जातात. म्हणजे एक श्रीमंत दाम्पत्य एका बैठकीत १४,००० डॉलर देऊ शकते. असे पन्नास दाम्पत्य सापडले की तुमचे सात लाख जमले! (त्यांतील निम्मे प्रायमरीत खर्च करता येत नाहीत, त्याबद्दल शेवटी लिहिते.) त्यांत एकही कंपनी नसेल, प्रतिज्ञा अक्षरशः पाळली जाईल, आणि तरीही ती वर्षभर कोणाच्या दिवाणखान्यात बसली होती आणि कोणाच्या तक्रारी तिने ऐकल्या, हे बदलणार नाही.

म्हणून मी प्रश्न असा विचारते: उमेदवाराचा दिवस कोणाबरोबर जातो? छोट्या देणग्यांची बाजू मी इतक्या आग्रहाने मांडते ती याच कारणासाठी. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांना ‘कॉल टाइम’ ही काय चीज आहे ते ठाऊक नसते. एक लहान खोली, मध्ये टेबल, टेबलावर फोन आणि छापील कागदांची चळत. प्रत्येक कागदावर एक नाव, त्याखाली त्या व्यक्तीच्या जोडीदाराचे नाव, मुले कुठे शिकतात, यापूर्वी कोणाला किती दिले, आणि तळाला जाड अक्षरांत ‘मागा: २,५००’. एक मदतनीस नंबर लावतो, फोन उमेदवाराच्या हातात देतो, बोलणे चालू असतानाच पुढचा कागद सरकवतो. २०१३ साली काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, नव्या सदस्यांसाठी बनवलेले डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीचे एक नमुना वेळापत्रक वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते आणि त्यात रोजचे चार तास या कामाला दिलेले होते. हे निवडून आलेल्यांचे वेळापत्रक होते, उमेदवारांचे नव्हे. मी अशा खोलीत शेकडो तास बसले आहे. चांगल्या मनाची माणसेही तिसऱ्या महिन्यापासून नकळत त्या कागदांवरच्या लोकांसारखा विचार करू लागतात, कारण रोज चार तास दुसऱ्या कोणाचा आवाज त्यांच्या कानावर पडलेलाच नसतो. छोट्या देणग्यांनी हे तास सोडवता आले, तरच त्या देणग्यांचा उपयोग झाला असे मी मानते.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. जागा रिकामी आहे की विद्यमान सदस्याविरुद्ध लढायचे आहे, मतदारसंघात टीव्हीच्या जाहिराती महाग आहेत की दारोदार फिरून भागते, उमेदवाराला आधीपासून ओळखणारे लोक किती आहेत, आणि प्रायमरीला किती महिने उरले आहेत, या चार गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. मोठ्या देणगीदाराला आज फोन केला तर आठवड्यात पैसे येतात. छोट्या देणगीदारांची यादी तयार व्हायला माझ्या अनुभवात किमान आठ-नऊ महिने लागतात. तुमच्याकडे चारच महिने असतील, तर सात लाखांचा आकडा विसरून अडीच लाखांचा प्रचार आखा आणि तो नीट करा. कमी पैशातला प्रचार म्हणजे हरलेला प्रचार नव्हे. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी प्रायमरीत जो क्राउली या ज्येष्ठ सदस्याला हरवले, तेव्हा त्यांच्या प्रचाराच्या दहापटीहून अधिक पैसा क्राउली यांच्याकडे होता.

आकडेमोड करून पाहू. सात लाखांना पंचवीसने भागले की २८,००० देणग्या होतात, आणि हा आकडा पाहूनच बहुतेक लोक धीर सोडतात. पण या २८,००० देणग्या आहेत, माणसे नव्हेत. एका माणसाने वर्षभरात सरासरी चार वेळा दिले तर ७,००० माणसे पुरतात. २०२० च्या जनगणनेनंतर एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६० हजारांच्या आसपास लोक राहतात; त्यांच्या एक टक्क्याहूनही कमी. शिवाय दरमहा १५ डॉलर देणारी एक हजार माणसे बारा महिने टिकली तर १,८०,००० डॉलर होतात, म्हणजे एकूण गरजेचा चौथा हिस्सा, आणि तोही असा की पुढच्या महिन्यात किती येणार हे आज सांगता येते. घरभाडे आणि तीन माणसांचे पगार त्याच भरवशावर चालतात. बर्नी सँडर्स यांच्या २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारातला ‘सरासरी २७ डॉलर’ हा आकडा सर्वांना पाठ आहे, पण तो प्रचार चालला तो तीच माणसे पुनःपुन्हा देत राहिली म्हणून, हे फार कमी जण लक्षात घेतात. २००८ मध्ये ओबामांच्या बाबतीतही हेच दिसले होते: छोट्या रकमा देणाऱ्या पुष्कळांची वर्षअखेरची बेरीज २०० डॉलरच्या पलीकडे गेलेली होती.

तेव्हा तुमच्या वहीत रोज जमलेल्या रकमेशेजारी आणखी एक आकडा लिहीत चला: आजवर दिलेल्यांपैकी किती जणांनी दुसऱ्यांदा दिले. इतक्या वर्षांत प्रचाराची प्रकृती सांगणारा यापेक्षा चांगला आकडा मला सापडलेला नाही. पहिली देणगी पुष्कळदा उत्साहात, मैत्रीखातर किंवा एखाद्या भाषणाच्या भरात येते. दुसरी देणारा माणूस विचार करून देतो. तोच पुढे शनिवारी सकाळी दारोदार फिरायला येतो आणि शेजाऱ्याला सांगतो.

सुरुवात कुठून करायची? इंटरनेटवरून नव्हे. जाहिराती देऊन अनोळखी देणगीदार मिळवता येतात, पण पहिल्या देणगीत जाहिरातीचा खर्चसुद्धा निघत नाही असे मी अनेकदा पाहिले आहे. विकत घेतलेल्या ई-मेल याद्यांचे तर नावच काढू नका. उमेदवाराने स्वतः कागद घेऊन बसावे आणि ती ज्यांना नावाने ओळखते त्या सगळ्यांची यादी करावी: सहकारी शिक्षक, जुने विद्यार्थी आणि त्यांचे पालक, शिक्षक संघटनेतील माणसे, शेजारी, नातेवाईक, कॉलेजातले मित्र. पहिल्या बैठकीत ती ‘साठेक होतील’ म्हणेल. फोनमधले नंबर एकेक करून वाचायला बसवा, तीनशेच्या पुढे जाईल. पहिले तीनशे देणगीदार याच यादीतून येतात आणि त्यांना पैसे ती स्वतः मागते. हाही एक प्रकारे कॉल टाइमच आहे, फक्त समोरची माणसे बदलली.

त्यानंतर घरगुती बैठका. याबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण पुस्तकी सल्ल्यात हे सापडत नाही. वीस-बावीस माणसे, कोणाचा तरी दिवाणखाना, उमेदवार पंधरा मिनिटे बोलते, प्रश्नोत्तरे होतात. पैसे मात्र उमेदवाराने मागू नयेत. यजमानाने मागावेत, आणि स्वतः काय दिले ते आधी सांगावे. माझ्या आठवणीतील सर्वांत यशस्वी बैठक एका निवृत्त बसचालकाच्या घरी झाली. भाषण संपल्यावर तो उठला आणि म्हणाला, “मी आज चाळीस डॉलर दिले आहेत, आणि दर महिन्याला पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी दहा देणार आहे. तुम्हाला जमेल ते द्या, पण घरी जाण्याआधी द्या.” एवढे बोलून तो गप्प बसला. खोलीत शांतता पसरली, कोणीतरी खुर्ची सरकवली, माझ्या शेजारचा स्वयंसेवक अस्वस्थ होऊन काहीतरी बोलायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. मग एका बाईंनी पर्समधून फोन काढला, आणि पाहता पाहता सगळ्यांचेच फोन बाहेर आले. त्या संध्याकाळी एकोणीस जणांनी दिले आणि त्यांपैकी अकरा जण मासिक देणगीदार झाले. मागितल्यानंतर गप्प राहणे फार अवघड असते. तुमच्या स्वयंसेवकांकडून त्याचा सराव करून घ्या.

ई-मेल आणि मेसेज यांचा भाग आता येतो, आणि इथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका प्रचारात जमाखर्चाच्या तिमाही अहवालाची तारीख जवळ आली होती आणि आमचा आकडा कमी दिसत होता. बाहेरच्या सल्लागाराने लिहून दिलेले अकरा ई-मेल आम्ही आठ दिवसांत पाठवले. ‘आज मध्यरात्र ही शेवटची संधी’, ‘आपण हरतो आहोत’, ‘तुम्हीही आम्हाला सोडले का’, अशी त्यांची शीर्षके होती. पैसे आले, तिमाही साजरी झाली. पुढच्या महिन्यात त्याच यादीला उमेदवाराने मनापासून लिहिलेले पत्र पाठवले तर ते उघडणारे आधीच्या निम्मेही उरले नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, आमच्या देणगीच्या पानावर ‘दरमहा द्या’ या चौकटीत आधीच टिक केलेली होती. एक वृद्ध बाई फोनवर मला शांतपणे म्हणाल्या की त्यांना एकदाच २० डॉलर द्यायचे होते आणि त्यांच्या खात्यातून चार वेळा गेले आहेत. मी पैसे त्याच दिवशी परत केले, आणि ती टिक काढायला लावली. अशा आधीच टिक केलेल्या चौकटींवर बंदी घालावी अशी शिफारस फेडरल इलेक्शन कमिशन या संघीय निवडणुकांच्या निधीवर देखरेख करणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये एकमताने काँग्रेसला केली होती. कायदा काय म्हणतो याची वाट तुम्ही पाहू नका. जे लोक पंचवीस डॉलर देतात त्यांच्यापैकी अनेकांना ते पंचवीस डॉलर जाणवतात, आणि त्यांना घाबरवून किंवा फसवून ते काढून घेणे हे मला कंपनीच्या पैशापेक्षा कमी वाईट वाटत नाही.

याउलट काय चालते याचे एक उदाहरण देते. दुसऱ्या एका प्रचारात उमेदवाराने छापखान्याच्या बिलाचा फोटो जोडून पत्र लिहिले: दारोदार वाटायची ४,००० पत्रके, बिल १,१४० डॉलर, शुक्रवारी भरायचे आहे, खात्यातील पैसा पगारांसाठी राखलेला आहे, हे बिल भरायला मदत कराल का? बिल दीड दिवसात भरले. दुसरे पत्र शनिवारी गेले: बिल भरले, पत्रके आली, या कामासाठी आता पाठवू नका, रविवारी वाटायला या. या दुसऱ्या पत्रात पैसे मागितलेलेच नव्हते आणि तरीही काही देणग्या आल्या. खरा खर्च, खरी तारीख, आणि काम झाल्यावर झाले असे कळवणे, एवढ्यानेच दुसरी देणगी येते. साधारण चार पत्रांपैकी एका पत्रात काहीच मागू नये हा माझा नियम आहे.

इथवरचे थोडक्यात: सुरुवात ओळखीच्या माणसांपासून, मग त्यांच्या घरच्या बैठका, त्यांतून मासिक देणगीदार, आणि मोठी ई-मेल यादी सर्वांत शेवटी.

एक गोष्ट छोट्या देणग्यांच्या समर्थकांना ऐकायला आवडत नाही, पण तुम्हाला सांगितलीच पाहिजे. छोटा पैसाही प्रचाराला वाकडे वळण लावू शकतो. २०२० मध्ये सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीत केंटकीत मिच मॅकोनेल यांच्याविरुद्ध एमी मॅकग्रा यांनी ९ कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला आणि त्या सुमारे वीस टक्क्यांच्या फरकाने हरल्या. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनात जेमी हॅरिसन यांना एका तिमाहीत ५ कोटी ७० लाख डॉलर मिळाले, एकूण निधी १३ कोटींच्या पुढे गेला, आणि लिंडसे ग्रॅम सुमारे दहा टक्क्यांनी जिंकले. त्या पैशाचा मोठा भाग राज्याबाहेरून, मुख्यतः प्रतिस्पर्ध्याबद्दलच्या रागातून आलेला होता. रागावलेला देणगीदार लांबून देतो आणि त्याला मतदारसंघातल्या रस्त्याशी किंवा शाळेशी देणेघेणे नसते. त्याला उद्या पुन्हा राग येईल असे काहीतरी हवे असते. ज्या उमेदवाराची वाणी पैशासाठी दर आठवड्याला अधिक कडक होत जाते, तिलाही कोणीतरी विकत घेतलेलेच असते, आणि त्याला नाव नसल्यामुळे ते लवकर लक्षात येत नाही. तुमच्या वहीतल्या दुसऱ्या देणगीच्या आकड्याशेजारी म्हणून तिसरा आकडा ठेवा: एकूण देणगीदारांपैकी मतदारसंघात राहणारे किती. बाहेरचे पैसे नाकारा असे मी म्हणत नाही. मैत्रिणीचे निम्मे कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल. पण हा तिसरा आकडा सलग दोन महिने घसरत असेल, तर पुढची पत्रे मतदारसंघातील कामांवर लिहिली जातील हे पाहा.

प्रतिज्ञेच्या शब्दांबद्दलही सांभाळून राहा. ‘कंपन्यांचा पैसा घेणार नाही’ हे वाक्य सभेत छान वाटते, पण कागदावर त्याचा अर्थ स्पष्ट हवा. कंपन्यांचे पॅक नाहीत, एवढेच? व्यापारी संघटनांचे पॅक? बड्या कंपनीचा उपाध्यक्ष स्वतःच्या खात्यातून ३,५०० देत असेल तर? त्याच कंपनीच्या गोदामातील कामगार १५ डॉलर देत असेल तर? देणगीच्या पानावर दोघांच्या नावापुढे नोकरी देणाऱ्या कंपनीचे नाव एकच दिसेल, आणि उद्या कोणीतरी ‘अमुक कंपनीचा पैसा’ म्हणून त्याची बेरीज दाखवील. माझा सल्ला असा की कंपन्या आणि त्यांच्या व्यापारी संघटना यांचे पॅक नाकारायचे, व्यक्तीकडून घ्यायचे, आणि कायद्याच्या मर्यादेपेक्षा खालची स्वतःची मर्यादा, समजा १,००० डॉलर, जाहीर करायची. या मर्यादेमुळे काही पैसा खरोखर हातचा जातो, आणि म्हणूनच तिच्यावर लोकांचा विश्वास बसतो. सात लाखांतील सगळेच पंचवीसच्या देणग्यांतून येणार नाहीत. अडीचशे आणि पाचशे देणारे डॉक्टर, वकील, निवृत्त मुख्याध्यापक लागतातच, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

नियमांचा भाग भराभर सांगते, कारण त्यासाठी तुम्हाला जाणकार खजिनदार किंवा वकील नेमावाच लागेल. जमा किंवा खर्च ५,००० डॉलरच्या पुढे गेला की उमेदवाराची नोंदणी करावी लागते. रोख रक्कम एका माणसाकडून १०० डॉलरपर्यंतच घेता येते. मिळालेला पैसा दहा दिवसांत बँकेत जमा व्हावा लागतो. एका माणसाची बेरीज निवडणूकचक्रात २०० डॉलरच्या पुढे गेली की त्याचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण अहवालात द्यावे लागते. मात्र ॲक्टब्लूसारख्या, ऑनलाइन देणग्या गोळा करून देणाऱ्या मध्यस्थ सेवेतून दिलेली पाच डॉलरची देणगीसुद्धा त्या सेवेच्या अहवालात नावानिशी छापली जाते. हे देणगीदारांना आधीच सांगा, नंतर कळले तर लोक दुखावतात. या सेवेचे शुल्क ३.९५ टक्के आहे, म्हणजे तुमच्या सात लाखांतले २७ हजारांहून अधिक तिथे जातील, अंदाजपत्रकात धरा. आणि फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर इतर उमेदवारांच्या देणगीदारांची नावे दिसतात म्हणून ती उतरवून त्यांना पैसे मागायला जाऊ नका; ते बेकायदा आहे.

नागरिकत्वाचा मुद्दा तुमच्या ओळखीच्या वर्तुळात नक्की येईल. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेले देऊ शकत नाहीत, आणि नवऱ्याने बायकोचे पैसे आपल्या नावाने देणे किंवा मित्राने मित्राचे देणे हाही गुन्हाच आहे. मात्र मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून काम करायला व्हिसावरच्यांनाही मोकळीक आहे. त्यांना परत पाठवू नका, कामाला लावा.

याच संदर्भात एक चेक मला अजून आठवतो. एका बैठकीनंतर फुलांचे दुकान चालवणाऱ्या बाईंनी मोठ्या प्रेमाने १०० डॉलरचा चेक दिला. रात्री हिशेब लावताना चेकच्या वरच्या कोपऱ्यात दुकानाचे नाव आणि त्यापुढे ‘इन्क.’ अशी तीन अक्षरे दिसली. दुकान कंपनी म्हणून नोंदलेले होते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने हा कंपनीचाच पैसा होता, मग दुकानात एकच बाई आणि एक मुलगी का असेना. मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन चेक परत दिला आणि कारण समजावले. त्यांनी घरच्या खात्याचा चेक लिहून दिला. म्हणून बैठकीत चेक घेणाऱ्या स्वयंसेवकाला तो हातात घेतानाच वरचा कोपरा वाचायला शिकवा.

सुपर पॅकचे काय, असे तुम्ही विचाराल. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड या न्यायालयीन निकालानंतर आणि त्याच वर्षीच्या स्पीचनाऊ निकालानंतर कंपन्या व धनिक उमेदवाराला थेट न देता, स्वतंत्रपणे त्याच्या बाजूने किंवा विरोधात हवा तेवढा खर्च करणाऱ्या समित्यांना, म्हणजेच सुपर पॅकना, हवे तेवढे पैसे देऊ शकतात. तुमची मैत्रीण पुढे जाऊ लागली तर तिच्या विरोधात असा पैसा येऊ शकतो आणि त्याची बरोबरी छोट्या देणग्यांनी रकमेत होणार नाही. बरोबरी करायची ती दारावर करायची. २०१९ मध्ये सिॲटलच्या शहर परिषदेच्या निवडणुकीत ॲमेझॉनने स्थानिक व्यापारी मंडळाच्या पॅकला सुमारे १५ लाख डॉलर दिले आणि त्या पॅकने पाठिंबा दिलेले बहुतेक उमेदवार हरले. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत अँड्र्यू कुओमो यांच्या बाजूच्या सुपर पॅककडे २ कोटी डॉलरहून अधिक पैसा होता आणि जोहरान ममदानी जिंकले. पण या दोन्ही शहरांत सार्वजनिक निधीची सोय आहे हे विसरू नका. सिॲटलमध्ये २०१७ पासून रहिवाशाला २५ डॉलरची चार व्हाउचर मिळतात आणि ती तो आपल्या उमेदवाराला देतो. न्यूयॉर्कमध्ये शहरातल्या रहिवाशाच्या छोट्या देणगीवर शहर आठपट रक्कम घालते, म्हणजे दहा डॉलरचे नव्वद होतात. ममदानी यांनी तर खर्चाच्या मर्यादेइतका निधी जमल्यावर समर्थकांना पैसे पाठवणे थांबवा असे सांगितले. काँग्रेसच्या निवडणुकीत अशी कुठलीच सोय नाही. सहापट रक्कम घालणारा प्रस्ताव प्रतिनिधिगृहाने २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर केला होता, तो सिनेटमध्ये अडला. तुमच्या दहा डॉलरचे दहाच राहतील, किंबहुना शुल्क वजा जाता साडेनऊच्या आसपास. म्हणून शहराच्या निवडणुकीतली उदाहरणे देऊन कोणी तुम्हाला हुरूप देत असेल, तर त्यातली ही आठपट वजा करून ऐका. हे बदलायला हवे असे मला मनापासून वाटते, आणि तुमची मैत्रीण निवडून आली तर तिने हा प्रस्ताव पुन्हा मांडावा अशी माझी तिला आताच विनंती आहे.

राहिला वर कबूल केलेला मुद्दा, आणि तो नव्या समित्यांना नेहमी महागात पडतो. एखाद्या देणगीदाराने प्रायमरी आणि मुख्य निवडणूक अशा दोन्हींसाठी दिलेले असेल, तर मुख्य निवडणुकीचा हिस्सा प्रायमरीत खर्च करू नका. उमेदवार प्रायमरीत हरली तर तो हिस्सा साठ दिवसांच्या आत देणगीदाराला परत करावा लागतो, किंवा त्याच्या संमतीने त्याची दुसरी सोय लावावी लागते. मी अशा एका समितीचा हिशेब आवरला आहे जिथे हरल्यानंतरच्या सकाळी परत करायचे २६,००० डॉलर होते आणि खात्यात ९,००० शिल्लक होते. उरलेली रक्कम उमेदवाराने घरावर कर्ज काढून फेडली. पहिला चेक येण्याआधीच वहीत या पैशासाठी स्वतंत्र रकाना आखा, शक्य असेल तर बँकेत खातेच वेगळे उघडा, आणि त्याची शिल्लक दर सोमवारी मैत्रिणीला स्वतः वाचून दाखवा.